एक हजारांचा नमुना एक कोटीला कसा पुरतो?

पायरी

नमस्कार. गेले काही महिने मी संख्याशास्त्र स्वतःच शिकण्याचा प्रयत्न करते आहे. सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन येथपर्यंत सगळे सुरळीत चालले होते, कारण तेथे हातात असलेल्या आकड्यांचेच काहीतरी करायचे असते. अनुमानाच्या प्रकरणाशी आल्यावर मात्र गाडी अडली आहे. समष्टी म्हणजे ज्यांच्याविषयी आपल्याला जाणून घ्यायचे आहे ते सगळे, आणि नमुना म्हणजे त्यांपैकी प्रत्यक्ष तपासलेले थोडे, ही व्याख्या मला पाठ आहे. ती समजली आहे असे काही म्हणवत नाही.

माझी मुख्य अडचण अशी आहे. एक हजार जणांच्या पाहणीतून निघालेल्या टक्केवारीत साधारण ३ टक्क्यांचा फरक इकडे किंवा तिकडे धरावा, असे पुस्तक सांगते, आणि हे सांगताना समष्टीत एक लाख माणसे आहेत की एक कोटी, याची चौकशीसुद्धा करत नाही. एक लाखातले हजार म्हणजे शंभरांत एक, आणि एक कोटीतले हजार म्हणजे दहा हजारांत एक. मग दोन्हीकडे चूक सारखीच कशी? शिवाय नमुन्याचे विचरण, म्हणजे आकडे किती पसरले आहेत त्याचे माप, काढताना नमुन्याच्या आकाराऐवजी त्यातून एक वजा करून का भागायचे, हेही मला उमगलेले नाही. ‘एक डिग्री ऑफ फ्रीडम खर्च होते’ हे उत्तर चार ठिकाणी वाचले आणि चारही वेळा हाती काही लागले नाही. ‘९५ टक्के विश्वास’ हा नेमका कोणाचा कशावर असतो, तेही कोणी समजावून सांगितल्यास बरे होईल.

दशांश

पायरी, तुमच्या तिन्ही शंका एकाच मुळाच्या आहेत, म्हणून सूत्रांकडे जाण्याआधी शब्द थोडे स्वच्छ करून घेऊ.

समष्टीत माणसेच असली पाहिजेत असे नाही. एखाद्या यंत्रातून निघणारे सगळे स्क्रू ही समष्टी आहे आणि एका तळ्यातले सगळे मासे हीसुद्धा समष्टीच आहे. एकाच काट्यावर तीच वस्तू पुन्हा पुन्हा ठेवली तर मिळू शकतील अशी सगळी वजने, हीदेखील समष्टी आहे, आणि ती तर कधीच पूर्ण अस्तित्वात येणार नाही. समष्टीविषयीचा जो आकडा आपल्याला हवा असतो, त्याला प्राचल म्हणतात. प्राचल स्थिर असते, पण ठाऊक नसते. नमुन्यातून निघणारा आकडा ठाऊक असतो, पण तो स्थिर नसतो, कारण दुसरा नमुना हाती आला असता तर आकडाही दुसरा आला असता. अनुमानाचे शास्त्र या ‘आला असता तर’मध्येच आहे. आपण नमुना एकच घेतो. त्याचा भरवसा किती धरायचा हे मात्र न घेतलेल्या सगळ्या नमुन्यांकडे पाहून ठरवतो.

हे कागदावर करून पाहा. समजा, एका डब्यात तीनच चिठ्ठ्या आहेत, त्यांवर २, ५ आणि ८ हे आकडे आहेत, आणि हीच आपली समष्टी आहे. तिची सरासरी ५ आहे. सरासरीपासूनची अंतरे ३, ०, ३; त्यांचे वर्ग ९, ०, ९; आणि त्या वर्गांची सरासरी ६, म्हणजे समष्टीचे विचरण ६. आता न पाहता एक चिठ्ठी काढायची, आकडा टिपायचा, चिठ्ठी परत टाकून डबा हलवायचा आणि पुन्हा एक चिठ्ठी काढायची. दोन आकड्यांचा असा नमुना ९ प्रकारे येऊ शकतो आणि नऊही प्रकार सारख्याच शक्यतेचे आहेत. त्या नऊ नमुन्यांच्या सरासऱ्या लिहून काढल्या, तर २ एकदा येते, ३.५ दोनदा, ५ तीनदा, ६.५ दोनदा आणि ८ एकदा. या नऊ सरासऱ्यांची सरासरी ५ आहे, याचा अर्थ आपली पद्धत कोणत्याही एका बाजूला झुकलेली नाही. आणि या नऊ सरासऱ्यांचे विचरण ३ आहे, म्हणजे समष्टीचे ६ भागिले नमुन्याचा आकार २. त्या ३ चे वर्गमूळ म्हणजे प्रमाण त्रुटी.

आता तुमचा प्रश्न. डब्यात चिठ्ठ्या तीनच होत्या, ही गोष्ट या हिशेबात कोठे आली? कोठेच नाही. प्रत्येक आकड्याच्या दहा दहा लाख चिठ्ठ्या करून टाकल्या असत्या, तरी हेच नऊ प्रकार त्याच शक्यतांनी आले असते. नमुन्याची सरासरी किती हेलकावे खाते, हे आकड्यांमध्ये आपसात किती फरक आहे आणि नमुना किती मोठा आहे, यांवर ठरते. डबा किती मोठा आहे यावर नाही.

चिठ्ठी परत टाकली नाही, तर डब्याचा आकार हिशेबात शिरतो, हे खरे. पण तो नमुन्याला अनुकूल होऊन शिरतो: समष्टी जितकी लहान, तितकी चूक थोडी कमी. त्यासाठी प्रमाण त्रुटीला एका दुरुस्तीने गुणायचे असते. ही दुरुस्ती म्हणजे समष्टीतून नमुना वजा केल्यावर उरलेली संख्या भागिले एकने कमी केलेली समष्टी, आणि त्याचे वर्गमूळ. तुमच्या हजारांच्या नमुन्यासाठी समष्टी एक कोटी असेल तर फरक ३.१ टक्के राहतो; एक लाख असेल तर तो ३.०८ होतो. समष्टी दोनच हजारांची असेल, म्हणजे निम्मी माणसे तुम्ही तपासलेली असतील, तेव्हा कोठे तो २.२ पर्यंत उतरतो.

शंकेखोर

गणिताबद्दल वाद नाही. डबा हलवला हे गृहीत धरण्याबद्दल आहे. शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपण म्हणतो, ते एका पातेल्यातली सगळी शिते जवळजवळ एकसारखी शिजतात म्हणून. माणसांचे तसे नसते. म्हणूनच मला वाटते की शक्य तितका मोठा नमुना घ्यावा. चारशे किंवा हजार जणांवर समाधान मानणे हे काटकसरीला शास्त्राचे नाव देणे आहे. मोठ्या नमुन्यात सगळ्या तऱ्हांची माणसे आपोआप येतातच.

दशांश

म्हणीचे तुमचे विश्लेषण अगदी बरोबर आहे, आणि ते माझ्याच बाजूचे आहे. सगळी शिते एकसारखी असतील तर विचरण शून्य, आणि मग पातेले केवढेही असो, एक शीत पुरते. भिन्नता वाढली की नमुना वाढवावा लागतो. मात्र तो वाढवण्याची किंमत चढत जाते, कारण चूक नमुन्याच्या वर्गमूळाने कमी होते. ४०० जणांना विचारल्यास फरक सुमारे ५ टक्के असतो. तो निम्मा, म्हणजे अडीच टक्के, करायचा तर १,६०० जणांना विचारावे लागते, आणि सव्वा टक्क्यावर आणायचा तर ६,४०० जणांना.

‘आपोआप येतातच’ हे शेवटचे वाक्य मात्र मला मान्य नाही.

मोजपट्टी

त्या ‘आपोआप’चे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९३६ सालचे आहे. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि जवळजवळ २४ लाख परत आल्या. हा नमुना खरोखर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखा, असता, तर त्यातली चूक एका टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी राहिली असती. साप्ताहिकाने रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन निवडून येतील असे सांगितले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मते मिळाली आणि ४८ पैकी ४६ राज्ये त्यांनी जिंकली. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी याहून कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला होता.

याचे कारण सांगताना बहुतेक जण टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांवर थांबतात: मंदीच्या काळात ज्यांच्या घरी टेलिफोन किंवा मोटार होती ते सुस्थितीतले लोक, आणि त्यांचा ओढा रूझवेल्ट यांच्याकडे कमी. हे खरे आहे, पण अर्धेच. पाठवलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक मतपत्रिका परत आल्याच नाहीत, आणि ज्यांनी त्या भरून पाठवण्याची तसदी घेतली ते बाकीच्यांसारखे नव्हते. यादी कितीही चांगली असती, तरी हे दुसरे छिद्र उरलेच असते. शंकेखोर, या दोन्ही छिद्रांवर आणखी एक कोटी मतपत्रिका पाठवणे हा उपाय होत नाही, हे आपल्यालाही मान्य व्हावे.

शंकेखोर

ते मान्य आहे, पण ती नव्वद वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. आज माहितीचे डोंगर उपलब्ध आहेत. समष्टीचा शंभरावा भाग हातात असताना एवढीशी तिरकी निवड काय बिघडवणार?

दशांश

नेमका हाच हिशेब संख्याशास्त्रज्ञ शाओ-ली मेंग यांनी २०१८ मध्ये मांडला, आणि तो वाचून माझी झोप उडाली होती. प्रतिसाद देणे आणि उत्तराचे स्वरूप यांच्यात फक्त ०.००५ इतका सहसंबंध असला, म्हणजे चित्र काढून पाहिल्यास डोळ्यांना दिसणारही नाही इतका, आणि समष्टीच्या १ टक्का लोकांनी उत्तर दिले, तर त्या नमुन्याची योग्यता सुमारे ४०० जणांच्या साध्या यादृच्छिक नमुन्याएवढी उरते. अमेरिकेच्या मतदारांना हे लावले तर २३ लाख उत्तरांची किंमत ४०० उत्तरांएवढी होते. गणित अवघड नाही. हाती आलेला हिस्सा ०.०१, त्याला न आलेल्या ०.९९ ने भागा आणि ०.००५ च्या वर्गाने पुन्हा भागा, ४०४ येतात.

यातली खरी भीती वेगळीच आहे. २३ लाखांवरून काढलेली प्रमाण त्रुटी अतिशय लहान दिसते, त्यामुळे चुकीच्या उत्तराभोवतीची खात्री जास्त घट्ट होते. यादृच्छिक चूक नमुना वाढला की घटते. कल, म्हणजे निवडीचे एकाच बाजूला झुकणे, घटत नाही, तो जागच्या जागी बसून राहतो.

हस्तलिखित

मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी नाही, पण कलाचा एक अनुभव सांगण्याजोगा आहे. एका जुन्या ग्रंथसंग्रहाच्या स्कॅनिंगचे काम आमच्याकडे आले होते, आणि एकूण पाने किती असतील याचा अंदाज आधी द्यायचा होता. सगळी पुस्तके उघडणे शक्य नव्हते. मी मोठ्या निःपक्षपातीपणाने कपाटांसमोर उभा राहिलो, डोळे मिटले, फळीवर बोट ठेवले, आणि बोटाखाली येईल त्या पुस्तकाची पाने मोजत गेलो. पुस्तके चांगली तीन-चार दिवस मोजली. अंदाज दिला, काम सुरू झाले, आणि प्रत्यक्ष पाने अंदाजापेक्षा बरीच कमी भरली. कागद आणि दिवस दोन्ही जास्त मागितले म्हणून बोलणी खावी लागली.

माझी चूक पुढे एका सहकारी बाईंनी दाखवून दिली. जाड पुस्तक फळीवर जास्त जागा अडवते, म्हणून बोट त्याच्यावर पडण्याची शक्यताही जास्त असते. निम्मी पुस्तके १०० पानांची आणि निम्मी ३०० पानांची असतील, तर खरी सरासरी २०० पाने. पण बोट चारांपैकी तीन वेळा जाड पुस्तकावर पडणार आणि सरासरी २५० येणार. मी डोळे मिटले होते, तरी फळीने निवड करून ठेवलेली होती. बाईंनी सांगितलेला उपाय अगदी साधा होता: दाखल-नोंदवही घ्यायची, क्रमांकांमधून यादृच्छिक क्रमांक काढायचे, आणि ती पुस्तके शोधून मोजायची. शोधाशोध फार झाली, काही पुस्तके तर वाळवीने खाल्लेली निघाली, पण नोंदवहीत प्रत्येक पुस्तक, जाड असो की बारीक, एकच ओळ अडवते.

दशांश

हस्तलिखित, आपला अनुभव मी आता शिकवताना वापरणार आहे, परवानगी असावी. त्याचा एक सख्खा भाऊ भारतीय संख्याशास्त्राच्या इतिहासात आहे. पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी शेतात यादृच्छिक जागी एक छोटा तुकडा आखून तेवढेच पीक कापतात आणि तोलतात. हा तुकडा केवढा असावा यावर १९४० च्या दशकात प्रशांतचंद्र महालनोबिस आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्यात मोठा मतभेद झाला. लहान तुकडे स्वस्तात पुष्कळ घेता येतात, हा महालनोबिस यांच्या पद्धतीचा फायदा होता. सुखात्मे यांनी प्रत्यक्ष प्रयोगांवरून दाखवले की तुकडा फार लहान असला तर उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त निघते, कारण सीमेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे वळतो. तुकडा लहान असला की आतल्या पिकाच्या मानाने सीमाच मोठी होते, आणि मग असे तुकडे हजारो घेतले तरी तो जास्तीचा आकडा तसाच राहतो.

आपले बोट आणि तो हात, दोन्ही प्रामाणिक होते, हे मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

उंबरठा

मग नमुना नशिबावर सोडण्यापेक्षा जाणकाराने विचारपूर्वक निवडलेला का नसावा? समष्टीची सरासरी ज्या बाबतींत ठाऊक आहे, त्या बाबतींत जुळेल असा नमुना हाताने निवडला, तर तो खऱ्या अर्थाने प्रातिनिधिक होईल.

दशांश

हा प्रयोग होऊन गेला आहे, आणि तोही थोर माणसांच्या हातून. इटलीच्या १९२१ च्या जनगणनेच्या कागदांपैकी थोडे जपून ठेवायचे होते, तेव्हा कोर्राडो जिनी आणि लुइजी गाल्वानी यांनी २१४ जिल्ह्यांमधून २९ जिल्हे असे निवडले की काही ठरावीक बाबतींत त्यांच्या सरासऱ्या देशाच्या सरासऱ्यांशी जुळाव्यात. त्या जुळल्याही. पण ज्या बाबी निवडताना विचारात घेतल्या नव्हत्या, त्यांत आणि बाबींच्या आपसातल्या संबंधांत नमुना देशापासून दूर गेला. येर्झी नेमन यांनी १९३४ च्या आपल्या लेखात हे उदाहरण घेऊन हेतुपूर्वक निवडीपेक्षा यादृच्छिक निवड का बरी, याची मांडणी केली.

आपल्या सूचनेतला चांगला भाग मात्र वाया जात नाही. समष्टीविषयी जे ठाऊक आहे त्यावरून तिचे स्तर पाडावेत, आणि प्रत्येक स्तराच्या आत निवड चिठ्ठ्यांवर सोडावी. ज्या स्तरात भिन्नता जास्त, तेथून जास्त घ्यावे. जाणकारी स्तर पाडण्यात वापरावी. कोण निवडला जाणार हे ठरवण्यात तिला मतदानाचा हक्क नसावा.

‘प्रातिनिधिक’ या शब्दाबद्दल माझे मन साफ नाही, हेही येथे सांगून टाकतो. हातातला नमुना प्रातिनिधिक आहे की नाही, हे तपासायला समष्टी ठाऊक असावी लागते, आणि ती ठाऊक असती तर नमुना कशाला घेतला असता? आपण हमी देऊ शकतो ती निवडीच्या पद्धतीची.

पायरी

माझा पहिला प्रश्न सुटला, आणि तो विचारताना मी नको तिकडे पाहत होते हेही कळले. मी समष्टीच्या आकाराची काळजी करत होते. करायला हवी होती ती निवडीची. आता त्या ‘वजा एक’कडे वळावे ही विनंती.

दशांश

त्याच नऊ नमुन्यांकडे परत चला. प्रत्येक नमुन्यात त्याच्या स्वतःच्या सरासरीपासूनच्या अंतरांचे वर्ग काढून त्यांची बेरीज करा. २ आणि २ असा नमुना असेल तर बेरीज ० आहे. ५-५ आणि ८-८ यांचेही तसेच. २ आणि ५ असेल तर सरासरी ३.५, अंतरे दीड दीड, बेरीज ४.५. असे नमुने क्रम धरून चार आहेत, दोन २-५ चे आणि दोन ५-८ चे. २ आणि ८ असेल तर बेरीज १८, आणि असे नमुने दोन. सगळ्यांची मिळून बेरीज ५४ आणि नमुने ९, म्हणजे सरासरीने एका नमुन्याची बेरीज ६.

समष्टीचे विचरण ६ होते. नमुन्याच्या बेरजेला २ ने भागले तर सरासरीने ३ मिळतात, म्हणजे निम्मेच. १ ने भागले तर सरासरीने ६, अगदी हवे तेवढे. कारण असे की आपण अंतरे समष्टीच्या सरासरीपासून, म्हणजे ५ पासून, मोजली नाहीत. ती ठाऊक नव्हती. नमुन्याच्या स्वतःच्या सरासरीपासून मोजली, आणि ती सरासरी त्याच आकड्यांतून निघालेली असल्यामुळे त्यांच्या नेहमीच अधिक जवळ असते. २-२ या नमुन्याला स्वतःत काहीच फरक दिसत नाही, आणि खऱ्या सरासरीपासून आपण ३ ने दूर आहोत याची त्याला खबर नसते. एक वजा करून भागणे ही त्या आंधळेपणाची नेमकी भरपाई आहे.

मोजपट्टी

नमुन्याचा आकडा जसाच्या तसा समष्टीला चिकटवता येत नाही, याचे मला आवडणारे आणखी एक उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले आहे. जर्मनी महिन्याला किती रणगाडे तयार करतो, हे दोस्त राष्ट्रांना हवे होते, आणि हाती होते ते पाडाव केलेल्या रणगाड्यांवरचे अनुक्रमांक. समजा, २३, ६१, ८८, १०२ आणि १४० असे पाच क्रमांक मिळाले. एकूण रणगाडे किमान १४० आहेत हे उघड आहे, पण नमुन्यातला सर्वांत मोठा क्रमांक समष्टीतल्या सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढे कधीच जात नाही. तो त्याच्याइतका किंवा त्याहून लहानच असतो. म्हणजे येथेही नमुना कमीच सांगतो. सरासरीने १४० पर्यंत पाच क्रमांकांमध्ये जेवढे अंतर पडले, तेवढेच १४० च्या पलीकडे उरले असणार, असे धरून १४० मध्ये त्याचा पाचवा भाग मिळवायचा आणि एक वजा करायचा. उत्तर १६७ येते.

ऑगस्ट १९४२ या महिन्यासाठी हेरखात्याचा अंदाज १,५५० रणगाड्यांचा होता आणि संख्याशास्त्रज्ञांचा ३२७ चा. युद्धानंतर जर्मन नोंदी मिळाल्या तेव्हा खरा आकडा ३४२ निघाला.

शंकेखोर

हे उदाहरण सुंदर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आता ९५ टक्क्यांचे मी सांगतो, कारण ते सोपे आहे: विश्वास अंतराल, म्हणजे नमुन्यावरून प्राचलासाठी सांगितलेला पट्टा, ४७ ते ५३ असा आला, तर खरे प्राचल त्याच्या आत असण्याची शक्यता ९५ टक्के.

दशांश

नाही, आणि नेमकी येथेच जाणती माणसेही घसरतात. चिठ्ठ्यांवरच पाहू. मी नियम असा करतो: नमुन्याची जी सरासरी येईल, तिच्या दोन्ही बाजूंना दीड दीड घेऊन अंतराल सांगायचा. नऊ नमुन्यांपैकी ३.५, ५ आणि ६.५ या सरासऱ्या देणारे एकूण सात नमुने आहेत, आणि त्या सातांचा अंतराल ५ ला आत घेतो. म्हणून माझ्या नियमाचा विश्वास नवांपैकी सात, म्हणजे सुमारे ७८ टक्के.

आता समजा, तुमच्या हाती ८ आणि ८ आले. तुमचा अंतराल ६.५ ते ९.५. त्यात ५ असण्याची शक्यता ७८ टक्के आहे काय? ५ त्यात नाही, एवढेच. दुसऱ्याच्या हाती २ आणि ८ आले, त्याच्या अंतरालात ५ आहे. चिठ्ठी काढण्याआधी शक्यतेची भाषा शोभते, कारण तेव्हा अंतराल कोठे पडेल हे ठरलेले नसते. चिठ्ठ्या काढून झाल्या की प्राचलही जागेवर असते आणि अंतरालही. फरक एवढाच की आपण सातांपैकी आहोत की दोघांपैकी, हे आपल्याला कळत नाही. नेमन यांनी १९३७ मध्ये विश्वास अंतरालाची उपपत्ती मांडली, तेव्हाच त्यांनी विशिष्ट आकडे हाती आल्यावर शक्यतेची भाषा वापरता येत नाही, असे स्पष्ट केले होते. पायरी यांच्या प्रश्नाचे थेट उत्तर असे: विश्वास नियमावर आहे, हातातल्या अंतरालावर नाही.

शंकेखोर

मग तो अंतराल माझ्या काय उपयोगाचा? मला माझ्या एका नमुन्याविषयी बोलायचे आहे. मी हजार वेळा पाहणी करणार नाही.

दशांश

आपली तक्रार रास्त आहे, आणि ती करणारे आपण एकटे नाही. त्या तक्रारीवर एक संपूर्ण पंथ उभा आहे. पाहणीपूर्वी प्राचलाच्या निरनिराळ्या किमतींना आपण किती वजन देतो हे आधी लिहून काढले, तर बेझ यांच्या नियमाने पाहणीनंतरचे वजन काढता येते, आणि मग ‘आत असण्याची शक्यता ९५ टक्के’ हे वाक्य निर्धास्तपणे बोलता येते. त्यासाठी ते आधीचे वजन कोठून आणले, याचा जाब मात्र द्यावा लागतो. माझ्या मते दोन्हींपैकी कोणताही मार्ग धरावा. एका मार्गाने चालून दुसऱ्याची भाषा बोलू नये.

पायरी

काल रात्री चिठ्ठ्यांचा खेळ मी परत न टाकता करून पाहिला. आता नमुने तीनच होतात: २-५, २-८ आणि ५-८. सरासऱ्या ३.५, ५ आणि ६.५, त्यांचे विचरण १.५ आले. दशांश यांनी सांगितलेली दुरुस्ती वर्गमूळ न काढता लावली, तर ३ गुणिले तीन वजा दोन, भागिले तीन वजा एक, म्हणजे दीडच. ते पाहून फार आनंद झाला.

मग मी त्याच तीन नमुन्यांची विचरणे एक वजा करून काढली. ती ४.५, १८ आणि ४.५ आली, आणि त्यांची सरासरी ९. पण समष्टीचे विचरण तर ६ आहे! म्हणजे भरपाई जास्त झाली? तीनदा तपासले, बेरजेत चूक सापडत नाही.

दशांश

चूक नाहीच. परत न टाकता काढलेल्या नमुन्याचे विचरण सरासरीने समष्टीच्या त्या विचरणाएवढे येते, ज्यात समष्टीलाही तीनऐवजी तीन वजा एकने भागलेले असते. समष्टीच्या वर्गांची बेरीज १८ आहे. तिला २ ने भागा, ९ येतील. मोठ्या समष्टीत हा फरक दिसत नाही, म्हणून बहुतेक पुस्तके त्याचा उल्लेखही करत नाहीत. तीनच चिठ्ठ्यांचा डबा घेतल्यामुळे तो तुमच्या नजरेस पडला. आता चौथी चिठ्ठी ११ ची टाका आणि तीन-तीनचे नमुने काढून पाहा, चारच होतात.